सुटला की सोडला

नाक्यावर सगळेच तिला मावशी म्हणत. ट्रकवाले म्हणत, दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर म्हणे, शेजारच्या लेनमधल्या मुली म्हणत, आणि वयानं तिच्याहून मोठे असलेले मॅनेजरसुद्धा "मावशी, जरा इकडं या" अशीच हाक मारत. खरं तर तिला मावशी म्हणायचा हक्क त्या सबंध रस्त्यावर एकटीलाच होता. तिच्या बहिणीच्या मुलीला, छकुलीला. आणि नेमकी तीच कामावर असताना मावशी म्हणायला लाजायची. अंगात नारिंगी जॅकेट चढलं की ती "मॅडम" म्हणायची.

मावशीचं काम सांगायला सोपं होतं. काचेच्या केबिनीत बसायचं, खिडकीतून हात बाहेर काढायचा, पैसे घ्यायचे, हात आत, पावती बाहेर, दांडा वर, पुढची गाडी. नाका नवा होता तेव्हा ती प्रत्येक गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघायची. नंतर नुसत्या हातांकडे बघायला लागली, आणि आता तर हातही तिला दिसत नसत. दिवसभर धूर खाऊन घरी गेल्यावर ती नाक पुसायची तर रुमाल काळा व्हायचा. नाक्यावर राहून नाकी नऊ येतात म्हणजे काय, ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या जागेला काय म्हणायचं यावर मात्र कुणाचं एकमत नव्हतं. तिचा नवरा तरुणपणी जुन्या जकात नाक्यावर होता. तिथं रस्त्यावर आडवा बांबू असायचा, एका टोकाला दगड बांधलेला. जकात बंद होऊन जमाना लोटला, बांबू कुणाच्या चुलीत गेला, नवऱ्याचे गुडघेही गेले, तरी तो खाटेवर पडल्या पडल्या विचारायचा, "आज जकातीला जायचं नाही का?" तिची थोरली बहीण, ताई, "आमची धाकटी गेटवर असते" असं सांगायची, त्यामुळे ताईच्या अर्ध्या आळीला ती रेल्वेचं फाटक उघडते असं वाटायचं. छकुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्यांनी विचारलं, "मुलीची मावशी काय करते?" ताईचा धाकटा दीर पटकन बोलून गेला, "नाक्यावर असते." मुलाच्या आईनं हातातली कपबशी खाली ठेवली. मग ताईनं घाईघाईनं सांगितलं, "म्हणजे हायवेवर, ऑफिसात." त्या दिवसापासून सासरच्या माणसांपुढं ती हायवेच्या ऑफिसातली झाली.

कंपनीला तर नाका हा शब्दच खपत नव्हता. एकदा ट्रेनिंगवाले साहेब आले आणि जेवणाच्या वेळेलाच सगळ्यांना गोळा करून बसले.

"याला काय म्हणतात?" त्यांनी पडद्यावर दांड्याचा फोटो दाखवला.

"दांडा," सगळे म्हणाले.

"गेट," एक जण म्हणाला.

"ट्रकवाले काठी म्हणतात, साहेब. आणि काय काय म्हणतात ते बायकांसमोर सांगता येणार नाही," वायरमन म्हणाला.

साहेब हसले नाहीत. "बूम बॅरिअर. आणि हा नाका नाही, टोल प्लाझा. आपण वसुली करत नाही, सेवा देतो. गाडी अडवत नाही, थांबायची विनंती करतो."

"आणि उचल म्हणायचं असलं तर काय म्हणायचं?" कुणीतरी विचारलं.

"ऑपरेट करा."

पोटात कावळे ओरडत असताना ऑपरेट हा शब्द कुणाच्या तोंडात येणार? मावशी मागच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिला एवढंच कळलं, की जेवणाची सुट्टी संपली आणि डबा तसाच राहिला.

छकुली नाक्यावर आली ती मावशीच्याच शब्दावर. तिचा नवरा लांबच्या गावी कामाला म्हणून गेला. आधी फोन यायचे, मग नुसते निरोप यायचे, मग तेही थांबले. पदरात शाळेत जाणारी मुलगी. ताई धाकटीकडे आली आणि म्हणाली, "तुझ्या ऑफिसात हिचं काही होतं का बघ." मावशीनं मॅनेजरच्या नाकदुऱ्या काढल्या आणि छकुलीला लेनमध्ये उभं राहायचं काम मिळालं. गाड्यांच्या काचेवरचे टोलचे टॅग मशीननं वाचले नाहीत तर हातातलं यंत्र धरून ते वाचायचे, रांगा लावायच्या, शिव्या ऐकायच्या. मुलगी अबोल, पण सांगितलेलं काम चोख करणारी. मावशीला तिचा अभिमान वाटायचा. फक्त तो दाखवण्याइतकं त्राण संध्याकाळी उरलेलं नसायचं.

ते झालं त्या दिवशी सकाळीच वीज गेली. जनरेटर थोडा वेळ खोकला आणि बंद पडला. पंखे गेले, मशीन गेली, दांडे आडवेच राहिले. अशा वेळी दांड्याच्या खांबातली कळ फिरवून तो मोटारीपासून मोकळा करायचा आणि हातानं वरखाली करायचा. वजनदार दांडा, खांबामागच्या आखूड टोकाला दोरी बांधलेली; एका माणसानं ती ओढून धरली की दांडा वर, सोडली की खाली. निम्मी माणसं रजेवर. मॅनेजर म्हणाले, "मावशी, तुमच्या लेनला छकुली धरेल." मावशी हो म्हणाली. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला माणूसच शिल्लक नव्हता.

ऊन चढत गेलं. भोंगे वाजवून वाजवून लोकांनी जीव मेटाकुटीला आणला. प्रत्येक ड्रायव्हर खिडकीतून एकच ओरडत होता, "सोडा की, मावशी! सोडा की!" मावशी पावती फाडायची आणि छकुलीला म्हणायची, "उचल." गाडी गेली की म्हणायची, "सोड." छकुली दांडा सोडायची, तो खाली यायचा. उचल, सोड. उचल, सोड. सबंध सकाळ त्या दोघींमध्ये एवढेच दोन शब्द चालले होते. छकुलीच्या हातांची सालपटं निघाली होती, आणि मावशीचा घसा असा बसला होता की आपलाच आवाज तिला परका वाटत होता.

दुचाक्यांसाठी कडेनं वेगळी वाट होती. त्यांना पैसे नसत. पण त्या दिवशी त्या वाटेत एक ट्रक बंद पडून बसला होता. म्हणून दुचाकीवाले गाड्यांच्या मागून चोरपावलांनी लेनमध्ये घुसत होते. एक मोठा ट्रक पुढं गेला. त्याच्या मागून एक मोटारसायकल आली. पुढं डोक्यावर पांढरे केस असलेला माणूस, मागं त्याची बायको, मांडीवर पिशवी. छकुली दांडा वर धरून थबकली. याला जाऊ द्यायचं की नाही, असं तिनं नजरेनंच विचारलं. मावशीला वाटलं, म्हातारं माणूस आहे, उन्हात कशाला अडवायचं. ती खिडकीतून ओरडली,

"सोड, सोड त्याला!"

आणि छकुलीनं दांडा सोडला.

तो त्या माणसाच्या उजव्या खांद्यावर आला. मोटारसायकल आडवी झाली. बायको बाजूला फेकली गेली, पण तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्याचं मात्र गळ्याजवळचं हाड मोडलं. तो रस्त्यावर बसून होता, ओरडला नाही, काही नाही, फक्त डाव्या हातानं उजवा हात असा धरून बसला होता, जसं काही दुसऱ्याचा हात कुणी त्याला सांभाळायला दिला होता. छकुली दोरीकडे बघत उभी. "तू म्हणालीस ना," एवढंच ती पुटपुटली, आणि तेही मावशीखेरीज कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. कॅमेरे बॅटरीवर चालत, त्यामुळे त्यांत सगळं दिसत होतं, पण कॅमेऱ्याला कान नव्हते. पडद्यावर छकुली दिसत होती, तिचे हात दिसत होते, हातांतून जाणारी दोरी दिसत होती. केबिनीतल्या मावशीचं फक्त कोपर दिसत होतं.

"दोरी तुमच्या हातात होती?" साहेबांनी छकुलीला विचारलं.

"हो."

"मग बॅरिअर खाली कसा आला?"

छकुलीनं एकदा मावशीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "सुटला."

"सुटला की सोडला?"

"सुटला."

"नीट आठवा. सुटला तर तो तुमचा निष्काळजीपणा. सोडला असेल तर कुणी सोडायला सांगितलं का, हे विचारावं लागेल."

"सुटला, साहेब."

साहेबांनी मावशीकडे खुर्ची वळवली. "तुम्ही केबिनमध्ये होतात. तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मावशीनं बोलायला तोंडही उघडलं होतं. पण त्या क्षणी तिला काय वाटलं, तर आता सांगायला लागलं की सकाळपासूनचं सगळं सांगावं लागेल, उचल म्हणजे काय, सोड म्हणजे काय, कुणाला सोड आणि काय सोड, आणि हे सगळं सांगायचं बळ आपल्यात नाही. उद्या सांगू.

"गर्दी फार होती, साहेब," ती म्हणाली.

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते रात्रभर तिला टोचत राहिलं.

छकुलीला घरी बसवलं. "पुढचं कळवू" असं सांगून तिच्याकडून जॅकेट काढून घेतलं. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या.

"सुटला का म्हणालीस गं?" शेवटी मावशीनं विचारलं.

"मग काय म्हणू? तुझं नाव घेऊ?" छकुली खिडकीबाहेर बघत म्हणाली. "सुचलं ते बोलले. तू तरी कुठं काय बोललीस, मावशी?"

ताईच्या घरी ती बातमी आधीच पोचली होती. ताईला ठाऊक होतं ते एवढंच, की पोरीच्या हातून दांडा सुटला. ती धाकटीवरच तुटून पडली. "तिच्या मनगटात जोर किती ते तुला माहीत नव्हतं? गड्याचं काम तिच्या गळ्यात बांधलंस! तुझ्या भरवशावर पाठवली होती मी तिला." छकुली स्वयंपाकघरात पाठ फिरवून भांडी घासत होती. एक शब्द बोलली असती तर ताईचा राग दुप्पट झाला असता. ती बोलली नाही. मावशी चहा न घेताच उठली. त्यानंतर ताईनं तिच्याशी बोलणं टाकलं.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मावशी त्या माणसाचं घर शोधत गेली. तो न्हावी होता. बसथांब्यामागं त्याचं एका खुर्चीचं दुकान, आणि दुकानामागं पडदा लावून घर. दाराचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. आत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तो स्वतःच बसला होता, उजवा हात छातीशी बांधलेला, दाढी वाढलेली. न्हाव्याची दाढी वाढलेली बघून मावशीला उगाचच अपराधी वाटलं.

"कोण?" त्याची बायको पडद्याआडून आली.

"मी नाक्यावरची."

"नाक्यावरची?" बाईचा आवाज चढला. "आता काय घ्यायला आलात? रस्त्याचे पैसे आम्ही देत नाही तरी हाड मोडून घेतलंत!"

"तिला बसू दे," न्हावी म्हणाला. बसायला बाकडं होतं, जुनी मासिकं पडलेली. मावशी कडेला टेकली. काय बोलायचं ते तिनं बसमध्ये ठरवलं होतं, ते सगळं विसरली.

"त्या मुलीची काही चूक नाही," ती म्हणाली. "मीच तिला सोड म्हणाले. तुम्हाला सोड म्हणाले मी. तिला वाटलं, दांड्याला."

न्हावी समोरच्या आरशात बघायला लागला.

"हे तुमच्या साहेबांना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग, बाई? परवा ते साहेब इथं येऊन गेले. म्हणाले, लेनमध्ये घुसलात ही तुमची चूक. ट्रकवाला म्हणाला, माझा ट्रक बंद पडला त्याला मी काय करू. वीजवाल्यांना विचाराल तर ते काही वेगळंच सांगतील. सगळे हात वर करतात." त्यानं बांधलेल्या हाताकडे मान झुकवली. "मला तर तेवढंही जमत नाही आता."

त्याची बायको पडद्याला धरून उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला आणि आत निघून गेली. न्हाव्यानं मावशीला शिव्या दिल्या नाहीत, माफही केलं नाही. "जिथं सांगायचं तिथं सांगा," एवढं म्हणून त्यानं डोळे मिटले. त्याला औषधानं झोप येत होती.

मावशीनं सांगितलं. चौकशीचे साहेब पुन्हा आले तेव्हा ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि सकाळपासूनची उचल आणि सोड त्यांना सांगितली. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"त्या दिवशी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"दमले होते, साहेब."

साहेबांना तो उद्धटपणा वाटला. पण ती खरंच तेवढंच सांगू शकत होती. मॅनेजर मध्ये पडले, म्हणाले, मावशी पहिल्यापासूनच्या आहेत, सांभाळून घ्या. दोन-तीनदा फोनाफोनी झाली. शेवटी ठरलं ते असं: छकुलीला ताकीद देऊन परत घ्यायचं, आणि मावशीला केबिनीतून काढून कडेच्या वाटेवर, दुचाक्यांच्या तोंडाशी, लाल झेंडी घेऊन उभं करायचं. लेनमध्ये कुणी घुसू नये म्हणून. आणि प्रत्येक केबिनीत एक कागद डकवला गेला, "बॅरिअर उघडा" आणि "बॅरिअर बंद करा" एवढेच शब्द वापरावेत असा. आठवडाभर मुली एकमेकींना हसत हसत "बॅरिअर उघडा" म्हणत होत्या. मग पुन्हा उचल आणि सोड सुरू झालं.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खाटेवर उठून बसला.

"आमच्या जकातीत आम्ही 'वर' आणि 'खाली' म्हणायचो," तो म्हणाला. "दुसरं काही बोलायचंच नाही असा दंडक होता."

"मग हे आधी सांगता आलं नाही?" ती उसळली.

"तू कधी विचारलंस? आल्यावर तोंड फिरवून झोपतेस."

तेही खरं होतं.

छकुलीला कामावर परत बोलावल्याचा निरोप घेऊन ती ताईकडे गेली. वाटलं होतं, आता तरी मळभ जाईल. दार छकुलीनंच उघडलं. निरोप ऐकला आणि म्हणाली, "मी नाही येणार, मावशी. शिवणाच्या कारखान्यात लागलेय. काज-बटणं करायची असतात. बसून काम आहे."

"अगं, पण मी तुझ्यासाठी..."

"मला माहीत आहे. पण ती दोरी मला पुन्हा हातात धरवणार नाही."

ताई आतून हे ऐकत होती. खरं काय झालं ते तिला आता पोरीकडून कळलेलं होतं, आणि त्यामुळे तिचा राग कमी झाला की वाढला, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती बाहेर आली, धाकटीच्या पायांकडे बघितलं. उभं राहून राहून घोटे सुजले होते.

"चप्पल बदल ती," ताई म्हणाली. "टाच किती झिजलीय." बोलणं टाकल्यानंतरचं तिचं हे पहिलं वाक्य. मावशीनं मान हलवली आणि त्या दिवशी चहा घेतला.

न्हाव्याचं हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. उंच गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली. त्यानं ती फिरती खुर्ची विकली आणि एक बुटकं स्टूल आणलं. त्यावर माणूस बसला की त्याचं डोकं न्हाव्याच्या छातीशी येई आणि मग त्याला जमे. लहान मुलांच्या आया खूश झाल्या. बाकीच्यांचं जेमतेम.

मावशीनं कधी जा म्हणून सांगितलं नव्हतं, पण तिचा नवरा आपल्या मनानंच काठी टेकत न्हाव्याकडे केस कापायला जायला लागला. वाटेत थांबत थांबत जायचा, त्याला अर्धा दिवस लागायचा. एका संध्याकाळी मावशी कामावरून आली तेव्हा तो दारात बसला होता, मान ताठ करून.

"कसं झालंय?" त्यानं विचारलं.

एक कल्ला वर, एक खाली. उजव्या बाजूचे केस कानावर तसेच राहिले होते.

"चांगलं झालंय," ती म्हणाली.

"स्टुलावरून उठता येत नाही मला. त्याच्या बायकोनं हात दिला." त्यानं मानेवरचे केस झटकले. "तुझं विचारत होता. म्हणाला, आता कुठं असतात त्या? मी म्हटलं, उन्हात."

मावशीनं उंबऱ्यावर बसून चपला काढल्या. पाठीचा कणा भिंतीला टेकवला. उद्याही ऊन असणार होतं, झेंडी असणार होती, आणि मोटारसायकलवाले तिच्या बगलेतून लेनमध्ये घुसणारच होते.

"पाणी द्या जरा," ती म्हणाली. तो काठी शोधायला लागला, आणि मग तीच उठली.